बाळाची कारसीट गाडीत नेमकी कुठं बसवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळ सात महिन्यांचं, वजन ८ किलो. गाडी पाच सीटची हॅचबॅक, २०२२ ची. मेहुण्यानं पुण्याहून कारसीट आणून दिलीय. महिन्यातनं एकदा गगनबावड्यावरनं घाट उतरून कणकवलीला माहेरी जाणं होतं, बाकी राजारामपुरी, रंकाळा, महाद्वार रोड अशी कोल्हापुरातली फिरती. वडील म्हणतात, सीट पुढं माझ्या शेजारी लावू, बाळ नजरेसमोर राहील. आई म्हणते, मागं उजवीकडं, कारण व्हिडिओत उजवीकडंच लावलेली दिसते. आजींचं म्हणणं, सीट कशाला, मी मांडीवर घेते की.

उत्तर आधी सांगतो, मग कारणं. मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, बाळाचं तोंड डिकीकडं करून. म्हणजे आमच्या भाषेत सीट उलटी लावायची. बाळाचं वजन आणि उंची त्या सीटच्या उलट्या वापराच्या मर्यादेत आहे तोवर ती उलटीच ठेवायची.

शिवाजी उद्यमनगरात गेली २२ वर्षं मी गाड्यांच्या सीटा आणि बेल्टचं काम करतोय. कुशन, रेक्झिन, अडकलेले बेल्ट, तुटलेली बक्कलं हे रोजचं. अलीकडं बाळाच्या सीटा बसवून घ्यायला लोक येऊ लागलेत, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण घरी बसवून आणलेल्या सीटा बघितल्या की बहुतेक वेळा एक तरी गोष्ट अशी चुकलेली असते, की सीट असून नसल्यासारखी. म्हणून सविस्तर लिहितोय.

आजींच्या मांडीपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडं मुलं सगळ्यात जास्त तिथंच बसतात. गाडी ताशी ५० किलोमीटरनं चाललीय आणि कशाला तरी धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली असं धरा. तेवढ्यात ८ किलोचं बाळ पुढं जायला जी ओढ घेतं, ती ११० किलोच्या वर भरते. सिमेंटची दोन पोती आणि वर थोडं. ते वजन कुणाच्या हातात अचानक आलं तर कुणालाच पेलणार नाही, आजींना नाही आणि तालमीतल्या पैलवानालाही नाही.

हे मी पुस्तकातनं शिकलेलो नाही. २००७ साली माझी थोरली मुलगी अकरा महिन्यांची होती. जोतिबाहून परत येताना केर्लीजवळ रस्त्यात म्हैस आडवी आली. गाडी फार तर तीसवर असेल. मी ब्रेक दाबला आणि मुलगी बायकोच्या हातातनं सुटून डॅशबोर्डवर आपटली. कपाळाला चार टाके पडले. बायकोनं तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, आणि तिच्या हातात ताकद कमी नव्हती. त्या दिवशी मी स्वतः दुसऱ्यांच्या गाड्यांचे बेल्ट दुरुस्त करून, दुकान बंद करून देवाला गेलो होतो. त्या चार टाक्यांचा वण तिच्या भुवईच्या वर अजून आहे.

काहीजणी स्वतःच्या बेल्टच्या आत बाळाला घेतात आणि त्यांना वाटतं दोघंही बांधले गेले. ते तर अजिबात करू नका. धक्का बसला की मागच्या मोठ्या माणसाचं सगळं वजन बाळावर येतं, आणि पुढून बेल्ट त्याला दाबतो.

आता पुढची सीट. तुमची गाडी २०२२ ची आहे, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोरही एअरबॅग असणार. डोळ्याची पापणी लवायच्या आत ती फुगते, आणि फुगताना तिचा जोर एवढा असतो की उलट्या सीटची पाठ ती सरळ बाळाच्या डोक्यावर हाणते. मोठ्या माणसाला वाचवणारी वस्तू तान्ह्या बाळाचा जीव घेऊ शकते. डावीकडचं सन व्हायझर खाली ओढून बघा. तिथं स्टिकरवर उलट्या सीटमधलं बाळ, समोर फुगलेली एअरबॅग आणि त्यावर फुली असं चित्र असतं. ते या एकाच गोष्टीसाठी आहे. काही गाड्यांत ती एअरबॅग बंद करायचं बटण असतं, पण आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकमध्ये ते नसतं. आणि असलं तरी पुढची जागा ती पुढचीच. ऊसाच्या हंगामात रात्री कागलच्या रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली एकदम हेडलाइटमध्ये येते ना, तेव्हा गाडीचा पुढचा भाग आधी चेपतो. मागची जागा त्यापासून लांब असते, एवढं साधं गणित आहे.

नजरेसमोर राहावं ही बापाची ओढ मला पूर्ण कळते. पण गाडी चालवताना बाळाकडं बघायचंच नसतं. रडलं तर घाटाच्या वाटेवर कळे गावाजवळ किंवा पुढं कुठं मोकळी जागा दिसेल तिथं गाडी बाजूला घ्या, थांबा, बघा, मग निघा. पाच मिनिटं जातील, जाऊ देत.

मागच्या सीटवर तीन जागा. त्यातली मधली सगळ्यात सुरक्षित हे तुम्ही वाचलं असेल, आणि ते खरंही आहे. २००८ साली ‘पेडियाट्रिक्स’ या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. कारसीटमध्ये बसवलेल्या तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचा तो होता, आणि मधल्या जागेवरच्या मुलांना इजा होण्याचा धोका कडेच्या जागांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी निघाला. कारण उघड आहे. बाजूनं कुणी धडकलं तर मधलं मूल दोन्ही दारांपासून लांब असतं.

मग मी मध्ये लावा असं का म्हणत नाही? कारण तो फायदा सीट तिथं पक्की बसली तरच मिळतो, आणि आपल्या छोट्या गाड्यांत ती तिथं पक्की बसत नाही. मागच्या सीटची मधली गादी अरुंद आणि उंचावलेली असते, बूड टेकायला सपाट जागा मिळत नाही. बऱ्याच गाड्यांत तिथं नुसता कमरेचा बेल्ट असतो, आणि बहुतेक कारसीटना खांद्यावरनं येणारा तीन-पॉइंट बेल्ट लागतो. आयसोफिक्सच्या, म्हणजे बेल्टशिवाय कारसीट थेट गाडीला अडकवायच्या लोखंडी कड्याही साधारणपणे दोन्ही कडेच्या जागांनाच असतात. एका जागेच्या दोन कड्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, २८० मिलिमीटर. काही हुशार मंडळी डावीकडची आतली कडी आणि उजवीकडची आतली कडी पकडून सीट मध्ये अडकवतात. ते अंतर त्या सीटसाठी नसतं आणि कड्याही त्यासाठी केलेल्या नसतात. असं करू नका.

दिवाळीच्या आधी एकजण हॅचबॅकच्या मध्ये कमरेच्या बेल्टनं बांधलेली सीट घेऊन आले. मी एक हात लावला तर ती रिकाम्या घागरीसारखी डुगडुगली. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की मध्येच लावायची, आणि श्रद्धेनं लावली होती. अशा मधल्या जागेपेक्षा डावीकडं घट्ट बसलेली सीट कितीतरी पटीनं बरी. उलट तुमच्या गाडीत मध्ये तीन-पॉइंट बेल्ट आहे, गादी सपाट आहे आणि सीट हलत नाही, असं निघालं तर मी स्वतः ती मध्येच लावून देईन. ते गाडी बघूनच ठरतं.

कडेच्या दोन जागांत डावी का? धडक झालीच तर डाव्या-उजव्यात मोठा फरक पडेल असं मी म्हणणार नाही. फरक रोजच्या वापरात आहे. आपण रस्त्याच्या डावीकडं गाडी लावतो, म्हणजे डावं दार फुटपाथकडं उघडतं. बाळाला सीटमध्ये ठेवून पट्टे लावायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं तुम्ही कमरेत वाकून, डोकं गाडीत घालून उभे असता. राजारामपुरीच्या मेन रोडला उजवं दार उघडून तसं उभं राहून बघा. मागनं दुचाकी, रिक्षा, केएमटीची बस. तुमची पाठ रहदारीकडं आणि बाळ हातात.

तुमच्या सौभाग्यवतींनी बघितलेल्या व्हिडिओचा उलगडाही इथंच होतो. तो बहुधा अमेरिकेतला असणार. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजवीकडनं चालतात, स्टिअरिंग डावीकडं असतं. त्यामुळं तिकडं फुटपाथची बाजू उजवी, आणि म्हणून तिकडच्या घरांत सीट उजवीकडं दिसते. तीच बाब इथं आणली की डावी बाजू येते. त्यांचं बघणं बरोबर होतं, फक्त देश बदलला की बाजू बदलते.

दुसरं कारण जागेचं. उलटी सीट खूप लांबी खाते. ती ड्रायव्हरच्या मागं लावली की ड्रायव्हरला सीट पुढं ओढावी लागते, आणि छाती स्टिअरिंगच्या फार जवळ येते. छाती आणि स्टिअरिंगमध्ये निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे मोठी वीत सव्वा वीत अंतर राहिलंच पाहिजे. उंच माणसाचे छोट्या गाडीत हाल होतात. डावीकडं लावली तर पुढची शेजारची सीट सरकवता येते.

आता बसवायचं काम, आणि माझ्या मते सगळा खेळ इथं आहे. गेल्या महिन्यात कागलचं एक जोडपं आलं. म्हणाले, आमच्या गाडीला आयसोफिक्स नाहीच, शोरूमवाल्यानं खोटं सांगितलं. मी डाव्या सीटची पाठ आणि बैठक मिळते त्या फटीत हात घातला. आधी शेंगांची टरफलं आली, मग किणी टोलची पावती, मग एक हेअरपिन. त्याच्या मागं, रेक्झिनच्या आडून, बोटाला पेन्सिलीएवढ्या जाडीची लोखंडी कडी लागली. कव्हर शिवणाऱ्यानं कड्यांवरनंच रेक्झिन ओढून टाकलं होतं. मी कटरनं दोन ठिकाणी दोन-दोन बोटं चीर पाडली, कडांना शिलाई मारली, आणि सीटचे दोन्ही दांडे आत ढकलले. एक खट्, दुसरा खट्. दांड्यावरच्या बारक्या खिडकीतला लाल रंग जाऊन हिरवा आला, दोन्हीकडं. एकच खट् ऐकून बरेचजण थांबतात आणि सीट एकाच कडीवर लोंबकळत राहते. दोन्ही हिरवे बघितल्याशिवाय दार लावू नका.

नवी गाडी घेतल्या घेतल्या जाड फोमची कव्हरं घालायची आपल्याकडं रीत आहे, माझाही त्यावर धंदा चालतो. तरी सांगतो, बाळाची सीट बसते तिथलं कव्हर काढा किंवा पातळ ठेवा. जाड फोमवर घट्ट वाटलेली सीट धक्क्यात फोम दबला की सैल होते. मऊ लागावं म्हणून खाली उशी किंवा सतरंजी घालणंही तसंच.

तुमची सीट बेल्टनं बसणारी असेल तर जरा जास्त कष्ट पडतील. गाडीतला बेल्ट हळू ओढला की येत राहतो आणि झटका बसल्यावरच अडकतो, त्यामुळं तो स्वतःहून सीट आवळून धरत नाही. सीटवर बेल्ट जायचा मार्ग रंगानं दाखवलेला असतो. उलटी लावताना साधारणपणे निळा, सुलटी लावताना लाल. निळ्या मार्गानं बेल्ट घाला, पीळ पडू देऊ नका, बक्कल लावा. मग गुडघा सीटमध्ये रोवून अंगाचा भार द्या आणि खांद्याकडचा बेल्ट वर ओढत जा. सीटवर बेल्ट धरणारी चाप असेल तर ती शेवटी लावा. बक्कल सीटच्या कडेवर येऊन टेकत असेल तर ती जागा त्या सीटला चालत नाही, दुसरी बघायची. आता बेल्ट जातो तिथंच सीट हातानं धरून हलवा. एका इंचापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा पहिल्यापासून. वरचं टोक धरून हलवू नका, उलट्या सीटचं वरचं टोक थोडं हलतंच आणि उगाच घाबरायला होतं.

सीटला खाली पाय असेल तर तो गाडीच्या फरशीवर पक्का टेकला पाहिजे. काही गाड्यांत मागं पायाखाली सामान ठेवायचा कप्पा असतो, त्याच्या झाकणावर पाय ठेवायचा नाही. पुढं सीट सुलटी कराल तेव्हा कारसीटचा वरचा पट्टा गाडीच्या सीटच्या पाठीमागच्या हुकाला लागतो. डिकीतला पिशव्या अडकवायचा हुक तो नव्हे.

उलटीच का, हे विचारलं जातंच, विशेषतः आजी-आजोबांकडनं. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास पाव असतं, मोठ्या माणसाचं सातवा-आठवा हिस्सा. मान अजून कच्ची. सुलट्या सीटमध्ये पट्टे धड धरतात आणि डोकं एकटंच पुढं फेकलं जातं, सगळा ताण मानेवर. उलट्या सीटमध्ये डोकं, मान, पाठ एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात आणि धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी अशी सीट पहिल्यांदा काढली. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर टेकून बसतात, त्यावरनं त्यांना ते सुचलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आधी दोन वर्षांपर्यंत उलटी ठेवा म्हणायची, २०१८ पासून सीटच्या मर्यादेपर्यंत ठेवा म्हणते. पाय दुमडतात म्हणून काळजी नको. आपली मुलं दिवसभर मांडी घालून बसतात, गाडीतही बसतील.

बाळाचे पट्टे खांद्याच्या उंचीला किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत. पट्टा आवळल्यावर खांद्याजवळ चिमटीत धरून बघा. कापडाची घडी चिमटीत आली तर अजून सैल आहे. आणि दुपट्यात गुंडाळून, कुंची-स्वेटर घालून पट्टे लावू नका. जाड कपडे धक्क्यात चपटे होतात आणि बाळ पट्ट्यातनं निसटतं. आधी पट्टे, मग वरनं दुपटं. हनुवटी छातीवर टेकत असेल तर सीट जास्त उभी आहे, सीटवरची खूण बघून कलती करा. कणकवलीच्या वाटेवर एक-दोनदा थांबून बाळाला सीटबाहेर काढत जा, दोन तासांपेक्षा जास्त सलग ठेवू नका.

आजींना कुठं बसवायचं? मला विचाराल तर बाळाच्या शेजारी, ड्रायव्हरच्या मागं. पुढची डावी सीट सरकवलेली असल्यानं तिथं गुडघे दुखणाऱ्या माणसाला अवघडतं, तिथं बाळाच्या आईनं बसावं. आजी बाळाचा हात धरून बसतील, गाणी म्हणतील, मांडीवर नसलं तरी बाळ त्यांच्याजवळच असेल. फक्त त्यांनी स्वतःचा बेल्ट लावलाच पाहिजे. बेल्ट न लावलेलं शेजारचं माणूस धक्क्यात बाळावर जाऊन आदळतं. मागच्या ट्रेवर नारळ, स्टीलचे डबे, पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या नाहीत, सगळं डिकीत खाली. कोल्हापूरहून दुपारी पुण्याकडं निघालात तर ऊन डाव्या खिडकीतनं येतं, तेव्हा जाळीचा पडदा लावा. उन्हात उभ्या गाडीतलं बक्कल आधी स्वतःच्या बोटानं तपासा, ते चटका देण्याइतकं तापतं.

पुढंमागं सात सीटची गाडी घेतलीत तर सीट दुसऱ्या रांगेत लावा, तिसरी रांग मागच्या दाराच्या फार जवळ असते. वडापच्या जीपला असतात तशा आडव्या, एकमेकांसमोरच्या सीटांवर कारसीट कधीच लावायची नाही.

दंडाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४-ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालसीटशिवाय नेलं तर चालवणाऱ्याला १,००० रुपये. टाके घालताना माझी मुलगी जशी रडली होती, ते आठवलं की मला त्या हजाराचं काही वाटत नाही.

एक राहिलं. मेहुण्यानं आणलेली सीट नवी आहे की कुणाची वापरलेली, ते विचारा. अपघातातनं गेलेली असेल तर बाहेरनं कितीही चांगली दिसू दे, वापरू नका. मागं नारिंगी स्टिकर असेल, त्यावर आर-४४ किंवा आर-१२९ हा सुरक्षा मानकाचा क्रमांक आणि वजनाची किंवा उंचीची मर्यादा लिहिलेली असते. त्याचा आणि माहितीपुस्तिकेचा फोटो काढून ठेवा. कुणाकडनं बसवून घ्यायला जाल तेव्हा मागच्या सीटची फट साफ करून न्या, आणि बाळालाही बरोबर न्या. पट्ट्यांची उंची बाळ आत बसल्याशिवाय ठरत नाही.